दोघींनी मोजलेली काचपट्टी

“पेशीला घाई नसते, घाई तुला आहे.” बावीस वर्षांपूर्वी, प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी बाई मला हे म्हणाल्या होत्या.

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आपली पुरेशी वाढ झाली, आता दोन व्हायला हरकत नाही, हे पेशीला कसं कळतं? यीस्टची पेशी ठरावीक लांबी गाठेपर्यंत थांबते. उपाशी ठेवली तर जास्त वेळ थांबते. हा धरबंध सुटला, की अर्धवट वाढलेल्या पेशीही दुभंगू लागतात. बाई त्यांना ‘उतावळ्या’ म्हणत, आणि माझ्याकडे बघत.

आमच्याकडे एक शिस्त आहे. प्रत्येक काचपट्टीवरच्या पेशी दोघींनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, पट्टीवरचं नाव झाकून, वेगवेगळ्या कागदावर. गेल्या महिन्यात बाईंनी अशीच एक माझ्यापुढे सरकवली. दुभंगणाऱ्या पेशी मोजायच्या होत्या. हे यीस्ट नाही, माणसाच्या गाठीचा तुकडा आहे, एवढं मला कळलं. वाटलं, कुणा डॉक्टर मित्राचं काम असेल. चहा गार होईपर्यंत मन लावून मोजलं. एकेचाळीस. बाईंच्या कागदावरही एकेचाळीस. मी खूश झाले. हो, खूश, आकडे जुळले की होतेच मी. मग बाईंनी नावावरची चिकटपट्टी काढली. खाली त्यांचंच नाव होतं.

हे इथे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. अट एवढीच, की मी रडायचं नाही.

डॉक्टर म्हणतात, उपचार लगेच सुरू केले तर आशा आहे. बाई म्हणतात, “ते औषध चांगल्या पेशींनाही सोडत नाही. उरलेले दिवस मला माझे हवेत.” काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, हात टेकले. मला म्हणाले, “ती माझं ऐकत नाही, तू बोलून बघ.” काका, माझं त्यांनी कधी ऐकलंय? पेशी कशी थांबते, यावर मी तासभर बोलू शकते. त्या एकेचाळीसांतली एकही मला थांबवता येत नाही.

संयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, तर पोटात घाला.

आणि बाई, तुम्हाला न विचारता मी सोमवारी सकाळी नऊची रुग्णालयाची वेळ घेतली आहे. तुमची मान नकारार्थी हलताना मला इथून दिसते आहे. तरी चला ना.