सेल उतरलेत म्हणा

न्हाई न्हाई, राधेश्यामभाऊ, पुन्हा उघडू नका ती बॅटरी. सेल बराबर हायेत, माहीत हाय मला. दिवाळीआधी तुम्हीच तर घालून दिल्ते—कंपनी या जुन्या ड्रिल मशीनची बॅटरी देईना, म्हणून जुन्याच डब्यात नवे सेल बसवले, विसरले का? आता आमचे ह्ये गावभर म्हणतात, राधेश्यामनं हलके सेल टाकले. तुमचं नाव खराब करून राह्यलेत, कळतंय मला. पण बाहेर चहा पिऊ द्या त्यांना, तवर ऐका जरा.

मशीनमधी काहीच दोष न्हाई. मीच बघितलं—ह्ये शेजारी गेल्ते, मी चौकटीवर स्क्रू धरला, बटन दाबलं—फर्रकन आत! मंग कळलं. मशीनचं बटन कसं हाय, अर्धं दाबलं की मशीन हळू फिरती, पुरं दाबलं की जोरात. बराबर? अन् ह्यांचं बोट... उजव्या अंगावरून वारं गेलं ना. पाय सुधरला, जीभ सुधरली, बदनापुरात सगळे म्हणतात आबाराव मिस्तरी बचावले, देवाची कृपा. हाय, कृपाच हाय. पण त्या बोटानं बटन अर्ध्याच्या पुढं जाईना. मशीन नुसती गुरगुरती, स्क्रू जागचा हलत न्हाई, अन् ह्ये म्हणतात—सेल उतरले. मी बी म्हणते, हो, उतरलेच असतील. दुसरं काय म्हणू?

सांगा ना, काय म्हणू? अर्ध्या बदनापूरची दारं ज्यांनी बसवली, त्यांना म्हणू का, अहो मशीन चांगली हाय, तुम्हीच... न्हाई. मला न्हाई जमत. राजूरला गणपतीच्या देवळाजवळ एका हारवाल्याच्या दुकानाची दारं बसवायला घेतलीत त्यांनी. रोज फोन लावतात त्याला—सेल बदलून घेतो अन् येतोच बघा! फोन ठेवला की हसतात, दोन घास जास्त खातात. त्या सेलच्या नावावर जेवतोय भाऊ माणूस. दवाखान्यातून आल्ते तवा भिंतीकडं तोंड करून पडून राह्यचे, हाक मारली तरी वळायचे न्हाईत. लई भ्या वाटतं मला त्या दिवसांचं.

म्हणून म्हणते, एवढंच सांगा—सेल उतरलेत, नवे मागवलेत, यायला वेळ लागंल. तवर बोट सुधरंल. डॉक्टर म्हणतात... डॉक्टर काही म्हणत न्हाईत, भाऊ. नुसती मान हलवतात. तुमच्याच कामाला तुम्हाला नाव ठेवायला लावून राह्यले, लाज वाटती मला. पण मी तरी काय करू?

गप. आले ह्ये.

अहो, या, बसा. हो, दावली यांना. राधेश्यामभाऊ बी तेच म्हणतात—सेलच उतरले. हो ना भाऊ? सांगा ना... भाऊ, सांगा की. —आता मशीन कामून उचलली? ऐकलं भाऊंनी, गुरगुरती म्हणून, पुन्हा कशाला दाबून दावता... अहो, डाव्या हातात कामून घेतली? ठेवा ती खाली. डाव्या हातानं नका दाबू, अहो—

फिरली... जोरात फिरली. बंद करा आता. बंद करा. माझ्याकडं असं बघू नका.

चला. बदनापूरची बस निघंल.