समितीच्या अध्यक्षबाई

अगं, आधी नळातून नुसती हवा आली, फुस्स करून, आणि मी केवढ्यानं दचकले! सुट्टीत बाबांकडे आलेली मी, आणि आमच्या तेल्हाऱ्याकडच्या गावात गोड्या पाण्याचा नळ आठ दिवसांनी येतो. बोअरचं पाणी खारट, आणि बाबांच्या किडनीमुळे डॉक्टरांनी ते पार बंद केलेलं. आजचं पाणी चुकलं, तर बाबांनी आठ दिवस प्यायचं काय?

शेजारच्या शोभाकाकू पाण्याची रिकामी गुंडी घेऊन माझ्या डोक्यावर उभ्या. "पंचायतीत लाव न फोन! भेतं काहून?"

पाणी सोडणाऱ्याचा फोन बंद. सरपंच उचलेनात. शेवटी पंचायतीतला बाबू सापडला.

"मॅडम, ते पाणी समितीच्या अध्यक्षबाईले विचारा."

"त्या कोण?"

"नाव पाहा लागते. समितीत बाया दाखवल्याशिवाय योजनेचा निधी येत नाही, म्हणून तवा सह्या घेतल्या होत्या. नंबर लिहून घ्या."

अध्यक्षबाईंचं सांगितलं, तशा काकू भडकल्याच. "पद घेऊन घरात बसली, अन् आमी इथं तहानेनं मरून राहिलो! लाव तिले. तुले नाही जमत, तर मी बोलतो!"

मी घाबरत घाबरत नंबर लावला. माझ्या कानात रिंग वाजली आणि काकूंच्या कमरेच्या पिशवीतही काहीतरी वाजायला लागलं.

"थांब व पोरी, मले कोनाचा तरी फोन आला," म्हणत काकूंनी मोबाइल काढला, अनोळखी नंबर पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि उचलला.

"हॅलो! कोन बोलते? लवकर बोला, इथं नळाले पानी नाही!"