आजीचे दोन थेंब

मी नोकरीत कधी नियम मोडला नाही, असं कोण म्हणालं? मोडलाय. पल्स पोलिओच्या दिवसांत, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर.

मी नर्स. डोसाची पेटी घेऊन चार मैल चढून गेले, तर सगळी दारं बंद, पोरं लपवलेली. ओट्यावर फक्त पाड्यातली सगळ्यात म्हातारी, सोनीआजी.

मी चिडलेच. "आजी, पोरं लुळी पडल्यावर उघडाल का दारं?"

ती शांतपणे म्हणाली, "बाई, नवा भात बी आम्ही आधी देवाला देतो, मंग म्हाताऱ्याला, मंग पोरांना. तू तं थेट पोरांनाच द्याया निघाली."

मग मी दोन थेंब त्यांच्या देवाच्या दगडावर टाकले, दोन आजीच्या तोंडात. तिनं करंगळीही पुढे केली, "शाई लाव." लावली. तासाभरात सगळ्या पोरांचे डोस झाले!

पुढच्या वर्षी गेले, तर आजी वारलेली. दारं उघडी होती, बाया पोरं घेऊन उभ्या होत्या, पण पुढे कुणी येईना. म्हटलं, झालं, परत तेच.

तेव्हा आजीची सून हळूच म्हणाली, "बाई, आधी तिचे दोन टाका ना, ओट्यावर."

टाकले. दोनाऐवजी तीन पडले.