सव्वा मूठ

राखी : पाच झाल्या, मम्मी. बाबांची, तुमची, ह्यांची, माझी आणि चंचलची. बांधू फडकं?

चंद्रभागा : बांध. चक्कीवाला चारपर्यंतच कानबाईचे गहू दळतो, मग त्याची बाजरी चालू होते.

उज्ज्वला : गाठ मारू नको, राखी. सहावी राहिली.

चंद्रभागा : सहावी कोणाची?

उज्ज्वला : माझी. दिवाळीपासून या घरात जेवते, या घरात झोपते, सकाळी पाण्याचा नळ आला की पहिली मीच उठते. मोजताना मात्र दिसत नाही तुला.

चंद्रभागा : वर्षाचा सण आहे वं. उद्या कानबाई देवी बसणार. आजच काबरं तोंड उघडलं?

उज्ज्वला : मूठ आजच पडते म्हणून. आज गप्प बसले तर पुढच्या श्रावणापर्यंत गप्प.

चंद्रभागा : तुले काय माहीत नाही का? घरातल्या माणसामागं सव्वा मूठ गहू, त्याचा रोट, आणि तो रोट कुळातल्यानंच खायचा. लग्न झालेल्या लेकीची मूठ सासरी पडते. माहेरचा रोट तिनं तोंडात घालायचा नाही. हे काय मी काढलं? माझ्या सासूनं मले सांगितलं, तिच्या सासूनं तिले.

उज्ज्वला : बरं. मग माझं सासर कुठं आहे ते पण सांग. राखीचा लोकेश येताना भाजी घेऊन येईल, मी जाऊन माझी मूठ टाकून येते.

राखी : जाऊ द्या ने, ताई.

उज्ज्वला : का जाऊ देऊ? बारडोलीला गजेंद्रच्या घरी पण आज गहू मोजत असतील. त्यात माझी असेल? कोर्टाचा शिक्का मारून छुटाछेडा झाला. तिथं आता कामरेजवालीची पडेल, तिच्या पोरीची पडेल. तिथली नाही, इथली नाही, मग मी काय भेस्तान स्टेशनची आहे?

चंद्रभागा : नवऱ्यानं टाकलं तरी बाईचं कूळ तेच राहतं, असं म्हणतात.

उज्ज्वला : टाकलं नाही, माय. हे शंभरदा सांगितलं. मी सोडलं. तो तर म्हणत होता, तू बारडोलीत राहा, ती कामरेजला राहील, कोणाला काही त्रास नाही. आणि असं म्हणाला जसं काही माझ्यासाठी मोठी सोयच करून राहिलाय. मी म्हटलं, तुझी सोय तुला लखलाभ, आणि पिशवी भरली.

चंद्रभागा : भरली. आणि तेव्हापासून काय काय चाललंय. मी बोलले का काही? केस कापले, बोलले नाही. राखीची स्कूटर शिकली, दोनदा पडली, हळद लावून दिली, बोलले नाही. आखाजीच्या सणाला झोक्यावर उभी राहून झोके घेतले, सगळी सोसायटी बघत होती.

उज्ज्वला : बघू दे. आखाजीचा झोका लेकीचाच असतो.

चंद्रभागा : आणि आता गरब्याचा क्लास. मार्केटमधल्या वीस-वीस वर्षांच्या पोरींबरोबर. पुष्पाबाई म्हणे, तुमची उज्ज्वला शिंगं मोडून वासरात शिरली.

उज्ज्वला : पुष्पाबाईला म्हणा, शिंगं सासरी मोडली, सोळा वर्षं भिंतीवर घासून. आता वासरात नाही शिरू तर कुठं शिरू?

राखी : मम्मी, पण ताई गरबा खरंच सारू करतात, एकदम मस्त. ती टीचर मला म्हणाली, तमारी नणंद थाकती ज नथी.

चंद्रभागा : तू तेल ओतू नको.

उज्ज्वला : थकेन कशाला? अठराव्या वर्षी नाचायची ती आता नाचते, ताजीच आहे अजून. माय, तुला आठवतं का, बारावीचा इंग्रजीचा पेपर राहिला होता माझा?

चंद्रभागा : आठवतं.

उज्ज्वला : पेपरच्या दिवशी हळद होती. वाल्मिक काकांनी स्थळ आणलं, काकांनीच मुहूर्त धरला. मी हळदीचे हात घेऊन बसले आणि घड्याळाकडे बघत होते. अकरा वाजले तेव्हा म्हटलं, आता पेपर वाटले असतील. दोन वाजले तेव्हा म्हटलं, आता गोळा केले. तो पेपर मी या वर्षी देणार आहे. फॉर्म भरला. चौतिसाव्या वर्षी पोरींबरोबर बाकावर बसेन, हसतील तर हसतील. जिथून उठवलं होतं तिथंच परत बसायचं आहे मला. गव्हात पण तसंच. चंचलची मूठ घेतली ना? मग तशी माझी घे.

चंद्रभागा : चंचल सहा वर्षांची कुमारिका आहे.

उज्ज्वला : मी चौतीस वर्षांची.

चंद्रभागा : असं होतं का कुठं? फोडलेला नारळ परत शेंडीसकट होतो का?

उज्ज्वला : मी नारळ नाही.

चंद्रभागा : शब्दाला शब्द लावायची सवय कुठून लागली तुले?

उज्ज्वला : बारडोलीहून. तिथं सोळा वर्षं एक पण लावला नाही, सगळे साठलेत.

राखी : सव्वातीन झाले, मम्मी. लाइन असेल चक्कीवर.

चंद्रभागा : उद्या भाऊबंद येतील. वाल्मिकभाऊ सगळ्यात मोठे, पहिलं ताट त्यांचं. हिच्या ताटात रोट बघून विचारतील, कोणाच्या हुकमानं? मी काय सांगू? लोकेशले भाऊबंदात राहायचं आहे. उद्या चंचलचं लग्न करायचं आहे.

उज्ज्वला : चंचलला आधी पहिली पास होऊ दे. आणि काकांना उत्तर मी देईन. त्यांनी आणलेलं स्थळ आहे, त्यांनी आधी मला उत्तर द्यावं.

चंद्रभागा : तुझ्या बाबांले विचार.

उज्ज्वला : विचारलं. म्हणाले, गव्हातलं बायकांनी बघावं. आणि कूस बदलली.

चंद्रभागा : मी नाही टाकणार, उज्जी. पाय धर, भांड, काही कर. माझ्या हातून नाही होणार.

उज्ज्वला : ठीक आहे. राखी, त्या खिडकीतली पिशवी दे.

राखी : काय आहे यात?

उज्ज्वला : गहू. किलोभर. सकाळी आणले, निवडले, धुऊन वाळवले. इथं जागा नसेल तर माझा रोट वेगळा. वेगळं दळेन, वेगळा थापेन. गॅलरीत पाट मांडेन, त्यावर नारळ ठेवेन, त्याला नथ घालेन. एका बाईचं एक कूळ.

चंद्रभागा : गप. असं बोलू नये. एका छपराखाली दोन कानबाया बसत नाहीत. घर फुटतं त्यानं.

उज्ज्वला : मग मला आत घे. मला कुठं हौस आहे गॅलरीची? मला तुझ्या शेजारी बसून खायचं आहे, माय. मी सगळ्यांना दाखवते की मला काही वाटत नाही. वाटतं मला. तू पाच टाकून थांबलीस तेव्हा फार वाटलं. कोर्टात पण एवढं वाटलं नव्हतं.

राखी : मम्मी, टाका ने एक. काय फरक पडतो? तसं पण आपली दरवर्षी एक वरची असतेच.

उज्ज्वला : कुठली वरची?

राखी : देवीची. मी लग्न करून आले तेव्हा घरात चार माणसं आणि मुठी पाच. मला वाटलं माझं मोजायचं चुकलं. मम्मी म्हणाल्या, एक देवीची असते. मग चंचल झाली तेव्हा पाच माणसं, सहा मुठी. यंदाच पाचवर थांबल्या. मला वाटलं विसरल्या असतील, मी बोलणारच होते.

उज्ज्वला : देवीची मूठ नसते आपल्यात. लहानपणी सूप मीच धरायचे. आम्ही चार जण, चारच मुठी. माय?

चंद्रभागा : गाठ मार वं, राखी. उशीर होऊन राहिला.

उज्ज्वला : माय, इकडे बघ.

(चंद्रभागा पदरानं हात पुसत राहते. हाताला काही लागलेलं नसतं.)

चंद्रभागा : देवीची नव्हती ती.

उज्ज्वला : मग?

चंद्रभागा : पहिल्या वर्षी चुकून पडली. तू फाल्गुनात गेली, श्रावणात कानबाई आली. हाताले चारची सवय. तोंडानं तीन म्हटलं आणि हातानं चौथी टाकली. टाकली ती मिसळून गेली. देवीचे गहू परत काढायचे नसतात.

उज्ज्वला : आणि दुसऱ्या वर्षी?

चंद्रभागा : दुसऱ्या वर्षी मुद्दाम. तू आखाजीले आली होती, गाल बसलेले, हसणं नाही. मले म्हणाली, सगळं बरं आहे. मी म्हटलं, तिथं हिच्या नावाची कोणी मनापासून टाकतं की नाही, काय माहीत. आपली एक असू दे. मग दरवर्षी असू दे, असू दे.

राखी : अरे, मम्मी.

उज्ज्वला : आणि त्या पिठाचा रोट?

चंद्रभागा : बाहेर देता येत नाही, जनावराले टाकता येत नाही. पौर्णिमेच्या आत घरच्यानंच संपवायचा. मी खायची. तुझे बाबा म्हणायचे, हिले सणाची भूक फार लागते. भूक कुठली? घासाघासाले पाणी प्यायची आणि ढकलायची. तुझ्या वाटचा होता, उरवून कसा चालेल?

उज्ज्वला : सोळा वर्षं?

चंद्रभागा : सोळा. आणि म्हणूनच यंदा हात उचलत नाही. एका बाईची मूठ दोन कुळात पडली, देवीले ते दिसलं नसेल का? तिनं एक घर मोडून टाकलं. तुझा संसार माझ्या हातानं मोडला, उज्जी. रोज रात्री हेच येतं मनात. तू गरब्याले जाते, हसते, आणि मी इथं बसून म्हणते, हे सगळं माझ्या एका मुठीनं झालं.

उज्ज्वला : माय, कामरेजवालीची पोर आठ वर्षांची आहे. कानबाई काय गजेंद्रला मोटारसायकलवर बसवून कामरेजला घेऊन गेली? रस्ता त्याला पाठ होता.

चंद्रभागा : मस्करी करू नको.

उज्ज्वला : मस्करी नाही करत. त्यानं जे केलं ते त्याचं. तू त्यातलं एवढंसं पण उचलायचं नाही, मी उचलू देणार नाही. मला फक्त एक कळत नाही. मी तिथं बसून समजायचे की इथं मला कोणी मोजत नाही. दिवाळीला चार दिवस पाहुणी, बस. तू एकदा सांगितलं असतंस की तुझी मूठ पडते इथं, तर मी दहा वर्षं आधी निघून आले असते.

चंद्रभागा : म्हणून तर नाही सांगितलं.

राखी : मम्मी, रडू नका ने. ताई, तुम्ही पण आता.

उज्ज्वला : मी रडत नाही. राग येऊन राहिला आहे. या बाईचा इतका राग येतो आणि हिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं, त्याला काय करू?

चंद्रभागा : राग धर. हक्क आहे तुझा. माझी हिंमत नव्हती. तू परत आली तर लोक काय म्हणतील, लोकेशचं लग्न राहिलं होतं तेव्हा. मुठीपुरती तेवढी हिंमत होती, तेवढी केली.

उज्ज्वला : मग आता वाढव थोडी. आणि यंदा तर दोन कुळात पडत पण नाही. एकाच ठिकाणी पडेल. तुझी चूक आपोआप सरळ झाली.

राखी : हे बराबर आहे, मम्मी. बारडोलीची तर बंद झाली. म्हणजे हिशेबानं ताई इथल्याच.

चंद्रभागा : आणि वाल्मिकभाऊ?

उज्ज्वला : ते मी बघते.

चंद्रभागा : नाही. तू बोलशील ते कडू बोलशील, सणाच्या दिवशी नको. मीच सांगेन. सांगेन, भाऊ, लेक तुम्ही नेली होती, तिची मूठ नाही नेली. ती या घरातून कधी गेलीच नाही. रोट खायचा असेल तर बसा, नसेल तर खीर घ्या.

राखी : मम्मी, हे असंच बोला उद्या. मी दाराआड उभी राहीन.

चंद्रभागा : दाराआड काबरं? पुढं उभी राहा. उज्जी, ती पिशवी कशाला आणली? बाहेरचे गहू नाही चालणार. कणगीतलेच घे. हात धू आधी.

उज्ज्वला : धुतले.

चंद्रभागा : सूप मी धरते. तुझ्या हातानं टाक.

उज्ज्वला : ही झाली एक मूठ. आता वरची पाव?

चंद्रभागा : बोटांनी उचल. अजून थोडे. सव्वा म्हणजे सव्वा, कंजुषी नको. बस.

राखी : सहा. मारू गाठ?

चंद्रभागा : मार. आणि कोण जाणार आता? पावणेचार झाले.

उज्ज्वला : मी जाते, स्कूटरवर. पाच मिनिटांत.

चंद्रभागा : देवीचे गहू आहेत, डोकं झाक.

उज्ज्वला : हेल्मेट घालते.

चंद्रभागा : आणि हळू चालव. बरं झालं वं, खरं सांगू? वय झालं आता. एकाच सणाले दोघींचा रोट मले जात नव्हता.

उज्ज्वला : तू तुझाच खा, माय. माझा मी खाईन.