मैद्याची कॅप्सूल आणि माझा घसा

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, त्यांचे यजमान, त्यांची लेक, आणि चहा कधी येतोय या विवंचनेत बसलेले माझे सहकारी मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझा लौकिक पाहता ती कुणी मनावर घेतली नसावीत.

कॅफीननं माणसाच्या स्नायूंची ताकद वाढते का, या एका प्रश्नावर मी उभी हयात घालवली. घरी बाटलीचं झाकण उघडायचं झालं, की मात्र अजून आमच्या हिलाच हाक मारतो.

प्रयोग तसा साधा. निम्म्यांना कॅफीनची कॅप्सूल, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी मैद्याची. कुणाला कोणती, हे त्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. यादी बाईंच्या कपाटात, कुलपात. मग प्रत्येकानं यंत्रावर बसून पायांनी वजन रेटायचं. पण मी पडलो दीडशहाणा! कुणाचे डोळे जरा चमकले, की मी मनाशी ठरवायचो, हा कॅफीनवाला. आणि त्याच्या कानाशी जाऊन बोंबलायचो, "रेट! अजून रेट! शाब्बास रे पठ्ठ्या!" बाकीच्यांच्या वेळी मी घड्याळ बघायचो.

यादी उघडली त्या दिवशी बाईंनी माझ्यापुढे एक वही ठेवली. मी कुणावर किती वेळा ओरडलो, त्याची नोंद! म्हणाल्या, "सर, तुम्ही ज्यांच्यावर ओरडलात, त्यातल्या सात जणांच्या पोटात मैदा होता. तेही कॅफीनवाल्यांइतकंच वजन रेटून गेले. मग यात कॅफीन किती आणि तुमचा घसा किती, कसं सांगायचं?"

परिषद आठवड्यावर आलेली. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "बाई, तुम्ही यंत्रं पुसा. शास्त्र माझं मी बघतो."

"यंत्रं पुसून झालीत, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

अखेर मुकाट्यानं अख्खा प्रयोग पुन्हा केला. या खेपेला मला दाराबाहेर स्टुलावर बसवलं होतं. कॅफीननं फरक पडला, पण माझ्या पहिल्या आकड्याच्या निम्माच. त्यावरच्या शोधनिबंधानं माझं नाव झालं. बाईंचे आभार मी तळटीपेत मानले. काय ते माझं औदार्य!

हसलात, बरं वाटलं. पण आता जे सांगतोय, ते बाईंनाही माहीत नाही. ती वही त्यांनी दाखवली, त्याच आठवड्यात त्यांच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर होता. रागाच्या भरात मी शेरा मारला, 'वरिष्ठांच्या सूचना पाळत नाहीत.' बढती सहा वर्षं लांबली. बाई, तुम्ही कितीदा म्हणालात, "वरूनच कुठंतरी अडलं असेल, सर." आणि मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत राहिलो. वर कुणी नव्हतं, बाई. मीच होतो. मला याची फार लाज वाटते.

आयोजकांनी बोलायची संधी दिली, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, मी आपला ऋणी आहे. भाषणात काही चुकलंमाकलं तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. भाषणाचं राहू द्या. बाई, त्या शेऱ्याबद्दल मी तुमची माफी मागतो. नाही केलंत माफ, तरी तुमचं चुकलं असं मी कुठल्याही कागदावर लिहिणार नाही.