मेव्हण्याचा स्लॅब

तुम्हाला वाटतंय काँक्रीट कापायचं म्हंजी नुसतं मशीनचं काम? माझ्यासंगं एकदा केंदूरला चला. तिथं एका आबांच्या घरात जिन्यासाठी स्लॅब कापायला मला बोलावलं होतं. तो स्लॅब पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या मेव्हण्यानं, म्हंजी आजींच्या सख्ख्या भावानं टाकलेला.

आबा म्हणाले, "अर्ध्या तासात कापून होईल तुझं. मेव्हण्यानं निम्मं लोखंड खाल्लंय."

आजी पंचवीस वर्षं हेच ऐकत आलेल्या.

आता सळई लागली की आमचं मशीन कण्हायला लागतं. वीतभर कापलं न्हाई तोच ते कण्हलं. मग परत कण्हलं. स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाल्या, "मोजा."

"त्याचं ब्लेडच बोथट हाय," आबा पुटपुटले.

दुपार झाली, दोन ब्लेडं संपली, तवा कुठं पहिला तुकडा सुटला. कापलेल्या कडेला नुसत्या सळयाच सळया! मी म्हणालो, "आबा, एवढ्या लोखंडात ओढ्यावर पूल झाला असता."

तुकडे ट्रॉलीत भरताना आजींनी एक अडवला. "ह्यो अंगणात ठेवा, यांच्या खाटंसमोर." मग आबांकडं वळल्या, "रोज सकाळी ह्याच्याकडं बघत चहा घ्यायचा."