वाटीतली कोळंबी

खरं सांगतो, रडणाऱ्या माणसासमोर माझी जीभच उचलत नाही. सर्जापूर रोडला एका अक्कांकडे खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी साफ करायला गेलो, तर त्या डोळे पुसत होत्या.

"लेक परगावी गेलाय आणि त्याची कोळंबी माझ्या हातून मेली रे!"

त्यांनी वाटीत ठेवलेली ती नुसती कात होती. "अक्का, स्वल्प, जरा थांबा," एवढंच म्हणालो. कात टाकल्यावर कोळंबी उजेड टाळून दगडाखाली बसते, पण लाल उजेड तिला फारसा कळत नाही. पडदे ओढले, टॉर्चला लाल कागद लावला आणि वाट पाहिली. शेवटी मिशा हलल्या. फोटो काढून दाखवला.

"अहो, जिवंत आहे ती!" अक्का ओरडल्या.

आतून यजमान म्हणाले, "मग आता तरी गॅस पेटव! कोळंबीच्या सुतकात सकाळपासून चहा नाही मिळाला."